परसातला पहिला वाफा

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, मार्क ४:२६-२९, लूक १३:६-९



गेल्या वर्षी जून महिन्यात मी धर्मगुरुनिवासामागची पडीक जागा साफ करून घेतली. लांबी २० फूट, रुंदी १५ फूट. बियाण्यांची १० पाकिटे आणली आणि टोमॅटोपासून गाजरापर्यंत सारे एकाच दिवशी पेरून टाकले. वर तबेल्यातले ताजे शेण पसरले. आठ दिवसांत मोठा पाऊस झाला. निम्मे बी वाहून गेले, निम्मे कुजले. जी चार रोपे वर आली ती ताज्या शेणाने जळून पिवळी पडली. धर्मशिक्षणाला येणारी मुले डोकावून विचारीत, “फादर, भाजी कुठे?”

शेजारच्या आळीतले एक वृद्ध शेतकरी सकाळच्या मिस्सेनंतर कुंपणापाशी थांबत. त्यांची वाडी केव्हाच इमारतीखाली गेलेली. एके दिवशी ते म्हणाले, “फादर, एवढ्या पावसात मेथी-कोथिंबीर कुठे टाकता? पाऊस सरू द्या. मग मी येतो.” सप्टेंबरमध्ये त्यांना देवाज्ञा झाली. अंत्यविधी मीच केला. जे विचारायचे होते ते राहून गेले.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका आजींना मी मुद्दाम घरी जाऊन बोलावून आणले. आजच्या पाठातला व्यवहाराचा भाग बराचसा त्यांचा आहे.

आपण वसईकर मुळात वाडीची माणसे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर आपल्या आजा-पणजांनी घरे उभी केली. विहिरीवर रहाट होता, उशाशी बावखल होते. आज अनेक बावखले बुजली आहेत आणि २००९ पासून आपण महानगरपालिकेचे नागरिक आहोत. तरी पुष्कळ घरांमागे थोडे परस शिल्लक आहे. तिथे बहुधा मोडकी खुर्ची, फरशांचे तुकडे आणि उरलेली रेती पडलेली असते. त्या जागेविषयी आज बोलू या.

पहिला वाफा कसा करावा?

१. ऊन पाहा. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास परसात उभे राहा. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज किमान सहा तास ऊन हवे. पालेभाजी चार तासांतही भागवते. शेजारच्या इमारतीची सावली ऋतूप्रमाणे सरकते, हेही ध्यानात ठेवा.

२. लहान सुरुवात करा. एकच वाफा, ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पायाखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही व मुळांना हवा मिळत नाही.

३. आधी माती, मग बी. सिमेंटचे तुकडे, काच, प्लास्टिक वेचून काढा. वीतभर खणा. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत तीन-चार घमेली मिसळा आणि वाफा अर्धा फूट उंच करा. याला गादीवाफा म्हणतात. यात पाणी साचून राहत नाही. कुजलेले खत हातात भुसभुशीत लागते आणि त्याला शेणाचा वास उरत नाही. वास येत असेल तर थांबा.

४. वेळ साधा. भेंडी, शिराळी, काकडी, पडवळ यांची पेरणी पावसाच्या सुरुवातीला. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून. टोमॅटो व मिरचीची रोपे वेगळ्या जागी महिनाभर वाढवून संध्याकाळच्या वेळी लावावीत, म्हणजे ती उन्हाने मान टाकत नाहीत. दोन टोमॅटोंत दोन फूट अंतर ठेवा व काठीचा आधार द्या.

५. लवकर येणारे आधी पेरा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. माठही साधारण तेवढाच वेळ घेतो. मुळ्याला सहा-सात आठवडे लागतात. धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावे. ते आठ-दहा दिवस वाट पाहायला लावतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोलीवर टाकावे, त्याहून खाली नको.

६. पाणी बेताने. मातीत बोट दोन पेरे खुपसा. ओल लागली तर पाणी देऊ नका. शक्यतो सकाळी, मुळाशी, झारीने द्यावे. काही विहिरी आता मचूळ झाल्या आहेत. जिभेला खारट लागणारे पाणी वाफ्याला घालू नका. गटाराचे तर कधीच नाही. बादल्या व कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या ठेवा, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

७. कीड दिसली तर घाबरू नका. पानामागे मावा दिसला की आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

८. घरचे खत घरीच करा. भाजीची देठे, फळांच्या साली आणि त्याच्या दुप्पट सुका पालापाचोळा एका डब्यात थरावर थर द्या. डब्याला भोके हवीत. शिजलेले अन्न, मासळी व मटण त्यात टाकू नका, उंदीर येतात. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

ज्यांना परस नाही त्यांना गॅलरीत ऊन येत असेल तर फूटभर खोल कुंडीत मिरचीचे एक झाड जमेल. तेवढेही पुरे.

माळ्याचे काम आणि देवाचे काम

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक भेद आम्हाला शिकवला जाई. काही वस्तू माणूस घडवतो, तर काही आपल्या अंगच्या सामर्थ्याने वाढतात. सुतार लाकडाचा पलंग करतो. पलंगात स्वतःहून पलंग होण्याची ओढ नसते. मेथीच्या दाण्यात मात्र मेथी होण्याची ओढ असते. त्या वेळी मी हे परीक्षेसाठी पाठ केले. मला ते समजले गेल्या जूनमध्ये. मी परसात सुतारासारखा वागलो होतो. माप घेतले, सामान आणले आणि एका दिवसात बाग ‘करून’ टाकली.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू अशा माणसाची गोष्ट सांगतो जो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. भूमी आपोआप पीक देते. मग माणसाने काहीच करायचे नाही काय? लूकच्या शुभवर्तमानातला माळी याचे उत्तर देतो. तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड मालक तोडायला निघतो, तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. मी भोवती खणीन, खत घालीन, असे तो म्हणतो. ‘मी फळ आणीन’ असे तो म्हणत नाही. खणणे आणि खत घालणे हे त्याचे काम. फळ त्याच्या हातात नाही, हे त्याला ठाऊक आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे लक्ष वेधले. देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण या दोन्हींसाठी. मशागतीत आपण निसर्गाकडून घेतो. राखणीत त्याला जपतो आणि पुढच्या पिढीसाठी ठेवतो.

हे परसापुरते राहू नये. आपण मुलांनाही एका दिवसात ‘घडवायला’ बघतो, आणि एक परीक्षा चुकली की कुऱ्हाड उचलतो. घरातल्या व्यसनी माणसाविषयी, रुसलेल्या भावाविषयी आपण तीन वर्षांनी हात झटकतो. आणखी एक वर्ष मागणारा माळी आपल्या घरी कोण होणार?

माझ्या वाफ्यातून डिसेंबरात मेथीच्या सहा जुड्या निघाल्या. पहिली त्या आजींना दिली. त्यांनी ती हातात घेऊन मुळाची माती पाहिली व म्हणाल्या, “आता जमीन तुम्हाला ओळखायला लागली.” दुसरी मी त्या दिवंगत शेतकरीबाबांच्या घरी नेऊन दिली.

विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात किंवा आळीत वाडी केलेले कोण वडीलधारे हयात आहेत? त्यांना आपण शेवटचे काय विचारले?
२. कोणत्या कामात मी फळासाठी घाई करतो आणि खणायचे टाळतो?

या आठवड्यासाठी कृती

परसाचा एक कोपरा साफ करावा आणि एका ज्येष्ठ व्यक्तीला तिथे खुर्ची टाकून बसवावे. मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे: कोणते बी कधी, किती खोल, कशाशेजारी. जे सांगतील ते लिहून घ्यावे. पुढल्या आगेऱ्याला भाताच्या लोंब्यांसोबत आपल्या परसातली एक जुडी वेदीपाशी आली तर मला आनंद होईल. जुडी लहान असली तरी चालेल. माझ्याही सहाच निघाल्या होत्या.

प्रभू आपल्या हातांच्या श्रमाला आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू