गोटीची बेंबी बघ

जुन्या बाजारात काचेच्या गोट्यांची बरणी दिसली, की विकणाऱ्याच्या आधी गोटीला विचार. कारखान्याचा ठसा खोक्यावर असतो, पिशवीवर असतो. गोटीवर सहसा नसतोच. म्हणून ती कशी कापली, कशी वळवली याच्या खुणा वाचायला शीक. त्यासाठी सोनार वापरतो तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू दे.

आधी बेंबी शोध. जर्मनीत थुरिंगियातल्या लाउशा भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोट्या हाताने होत. रंगीत काचेचे दोरे घालून जाड कांडी करायची, तापवून तिला पीळ द्यायचा आणि खास कातरीने एकेक गोटी वळवून तोडायची. कांडीपासून तुटली तिथे व्रण राहतो, तीच बेंबी; त्याला पाँटिल म्हणतात. नखाने चाचपलं तरी कळतो. पिळाच्या गोटीला तो बहुधा दोन्ही टोकांना असतो आणि आतले दोरे एका व्रणाकडून दुसऱ्याकडे जातात. पारदर्शक गोटीत चंदेरी दिसणारा प्राणी किंवा माणूस असेल, तर बेंबी दोनदा बघ. अशा गोट्यांच्या नकला पुष्कळ आहेत.

व्रण नाही म्हणजे गोटी यंत्राची, असं धर. पण घाई नको. पॉलिश करूनही व्रण उडवतात.

यंत्राच्या गोटीत सर्वात आधी रंग कसे फिरलेत ते बघ. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या मार्टिन ख्रिस्टेन्सेनला गोट्या वळवण्याच्या यंत्राचं पेटंट १९०५ मध्ये मिळालं. यंत्र फक्त गोल करायचं; वितळलेली काच सळईवर घेऊन सोडायचा तो माणूसच. त्या हातामुळे या गोटीच्या एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखं वळण दिसतं आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची बारीक शेपटी.

रंगाचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोल गोल उतरत गेला असेल आणि रंग एकमेकांत मिसळले नसतील, तर अ‍ॅक्रो अ‍ॅगेटचं नाव मनात आण. ही कंपनी १९११ मध्ये अ‍ॅक्रनला निघाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. तिचं चिन्ह मजेदार आहे: इंग्रजी ‘ए’ अक्षरातून उडणारा कावळा, चोचीत आणि पंजांत गोट्या. पण खोक्यावर कावळा दिसला म्हणून आतल्या गोट्या अ‍ॅक्रोच्याच, असं समजू नकोस. रिकामं खोकं भरायला कितीसा वेळ लागतो?

गोटीवर बेटी बूपसारख्या चित्रकथेतल्या पात्राचा काळा छाप दिसला, तर ती इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या पेल्टियर कंपनीची असू शकते. तिथे अशा बारा पात्रांचा संच निघाला होता. छाप आजही मारता येतो. म्हणून चित्राच्या मोहात न पडता खालची काच आणि तिचे रंग आधी तपास.

पारदर्शक काचेत रंगीत पाती, म्हणजे मांजरडोळा. आपण अंगणात ज्यांनी खेळलो त्याही याच जातीच्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानहून त्यांचा लोंढा अमेरिकेत आला आणि तिथले कारखाने हादरले. कोणी त्यांना शंभर वर्षांच्या म्हणून विकू लागला, तर हसून पुढे जा. एकरंगी हिरवट, आत काहीच नक्षी नसलेली गोटी दिसली, तर गोटी सोड्याची बाटली आठव. तसली बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात आणली, आणि बाटली फुटली की पोरं गोटी काढून घ्यायची.

अतिनील दिव्याखाली गोटी हिरवी उजळली, तर काचेत युरेनियम असण्याची शक्यता मोठी. त्यावरून वय ठरत नाही. तशी काच आजही होते.

घरी आणलीस की कोमट पाण्याने धू, मऊ फडक्याने पूस, बस. आपटून पडलेले चंद्रकोरी डाग खेळल्याची साक्ष देतात. ते घालवायला घासशील तर बेंबीही जाईल आणि किंमतही. आणि पैसे मोजताना कारखान्याचं नाव कितीही मोठं सांगोत, तुझ्या भिंगाला जेवढं दिसलं तेवढ्याचेच मोज.