रहीम मास्तर

कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद असतो. तो कडेला उभा राहतो आणि पोरांकडून डाव करून घेतो. फुटबॉलमध्येही असा वस्ताद असतो. त्याला कोच म्हणतात. ही हकीगत अशाच एका कोचची आहे.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ सालचा, गाव हैदराबाद. पेशाने ते शाळामास्तर. तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळले, उस्मानिया विद्यापीठाच्या संघात होते. पुढे खेळणे मागे पडले आणि शिकवणे हाती आले. हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांनी तयार केला. मुंबईत रोव्हर्स कपाचे सामने भरत. १९५० ते १९५४, अशी पाच वर्षे लागोपाठ तो कप या पोलिसांनी हैदराबादला नेला. मुंबईकर बघतच राहिले!

मास्तर शिकवीत कसे? माणसाचा एक पाय सरस असतो, दुसरा कच्चा. मास्तर असे सामने भरवीत, की चेंडू फक्त कच्च्या पायानेच मारायचा. तुम्ही आता पाटीवर अक्षर गिरवता ना? तेच अक्षर दुसऱ्या हाताने गिरवून बघा. मग त्या गड्यांची काय गत झाली असेल, ते कळेल. पण हळूहळू दोन्ही पाय सारखे चालू लागले.

१९५० साली देशाचा संघ त्यांच्या हाती आला. १९५१ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. तिथे आपण इराणला हरवून सोन्याचे पदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी मोठा मार बसला. फिनलंड देशात हेलसिंकी गावी ऑलिंपिकचे सामने होते. तिथे हवा थंड. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले. आपला झाला एक. त्यानंतर बूट घालूनच खेळायचे, असा नियम झाला.

मास्तरांनी संघ नव्याने बांधला. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला चार-दोनने हरवले. चारांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने मारले. त्या वेळी भारत चौथा आला.

१९६२ साली इंडोनेशियात, जकार्ता शहरी, पुन्हा आशियाई खेळ झाले. तेव्हा मास्तरांना कर्करोगाने धरले होते. तरी ते संघ घेऊन गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन-शून्यने हरवले. मग थायलंडला हरवले, पण त्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले. टाके घालावे लागले. जर्नेलसिंग मागे राहून गोल वाचवणारा गडी. मास्तरांनी त्यालाच पुढे गोल मारायला धाडले. जखमी माणसाला पुढे घालायचे म्हणजे जोखीमच. पण गडी कोणता आणि कशाला पुरा पडेल, हे मास्तरांना पक्के ठाऊक होते.

शेवटचा सामना ४ सप्टेंबरला. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. आदल्या रात्री मास्तरांनी सगळ्यांना जवळ बोलावले. मला एक भेट द्या, उद्या सोने जिंका, एवढेच मागितले. खेळाडूंनीच हे पुढे सांगितले.

मैदानात लोक आपल्या विरोधात होते. आपल्या एका पदाधिकाऱ्याच्या बोलण्यावरून तिथले लोक चिडले होते. सगळीकडून आरडाओरडा चाललेला. त्यात पी. के. बॅनर्जीने पहिला गोल मारला. तीनच मिनिटांनी दुसरा झाला, आणि तो कोणी मारला? टाके घातलेल्या जर्नेलसिंगने! कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला. आपण दोन-एकने जिंकलो. मास्तरांना भेट मिळाली.

पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीम मास्तर वारले. वय अवघे ५३. आशियाई खेळांत फुटबॉलचे सोने भारताला त्यानंतर मिळालेले नाही. पहिला गोल मारणारे पी. के. बॅनर्जी मात्र पुढे स्वतः देशाच्या संघाचे कोच झाले.