पूर्ण विजेवरचा छोटा ट्रेलर निवडताना

मोटारीमागे जोडायच्या छोट्या प्रवासी ट्रेलरमधून गॅसचा सिलिंडर काढला, की स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, फ्रिज, पंखे असा सगळा संसार एका बॅटरीवर येतो. ५ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ६४ युनिट उष्णता असते. त्यातली निम्मी भांड्यापर्यंत पोचली तरी तीसेक युनिट हाती लागतात. छोट्या ट्रेलरला झेपणारी बॅटरी मात्र पाच युनिटांच्या आसपासची. अमेरिकेत लाइटशिप कंपनीने २०२३ मध्ये दाखवलेल्या ट्रेलरची बॅटरी ८० युनिटांपर्यंतची होती, पण त्याचे वजन तीन टनांच्या वर जाते. बेळगावात टिळकवाडीच्या गल्लीबोळांत त्याला वळवणार कोण आणि ओढणार कोण?

म्हणून सुरुवात बॅटरीच्या जाहिरातीपासून न करता रोजच्या खर्चाच्या हिशेबापासून करावी. दिवे, पंखे आणि मोबाइल यांना दिवसाला पाव-अर्धा युनिट पुरतो, छोट्या कॉम्प्रेसर फ्रिजला आणखी अर्धा. वीज खाते ती उष्णता. पंधरा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.४४ युनिट लागते, म्हणजे दोघांच्या आंघोळीला जवळजवळ एक युनिट. दोघांचा चहा, पोहे, भात-आमटी इंडक्शनवर करायला आणखी एक. असे अडीच-तीन युनिट झाले. यात एसी धरलेला नाही. तो रात्रभर चालवला तर तेवढीच वीज पुन्हा लागते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथल्या किंवा आंबोलीच्या मुक्कामाला एसीची गरज पडत नाही. मे महिन्यात मालवण-वेंगुर्ल्याला राहायचे असेल तर पडते. मुक्काम कुठे करणार हे आधी ठरले, की बॅटरीचा आकार आपोआप ठरतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. पाच युनिटांची असली तरी ती पन्नास किलोच्या आसपास बसते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते खरी, पण १२ व्होल्ट १५० अँपिअरच्या एका बॅटरीतून सुरक्षितपणे एक युनिटच निघते आणि तिचे वजन पन्नास किलोंच्या वर भरते. तेवढ्याच कामाला अशा पाच लागतील. विदेशी पुस्तिकांत बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करू नये असा इशारा असतो. तो या भागाला लागू नाही. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या कप्प्यात बॅटरी बसवू नये, हा लागू आहे. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर चालवायची तर तारेतून १६० अँपिअरहून अधिक प्रवाह जातो, ४८ व्होल्टवर बेचाळीस-पंचेचाळीस. म्हणून सगळे विजेवर असलेल्या ट्रेलरला ४८ व्होल्टचीच मांडणी बरी.

खरी परीक्षा मुक्कामाच्या प्लगवर होते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि पार्कमध्ये पाणी-विजेची सोय त्यात धरली. तरी घाटमाथ्यावर बहुतेक वेळा वाट्याला येते ते कुणाच्या तरी अंगणातले १६ अँपिअरचे एक सॉकेट. २००० वॉटचा गिझर आणि तेवढीच शेगडी एकदम लावली, की प्रवाह १७ अँपिअरवर जातो. कणकुंबीजवळच्या अशाच एका अंगणात प्रस्तुत लेखकाच्या ट्रेलरचा प्लग पहाटे सॉकेटमधून काढला, तेव्हा पितळी पिन काळीनिळी पडली होती आणि भोवतालचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन वाकले होते. एमसीबी पडला नव्हता, कारण भार मर्यादेतच होता. सैल सॉकेटमधल्या तापण्याची एमसीबीला खबर नसते. रिळावर गुंडाळलेली लांब तारही अशीच आतल्या आत तापते, म्हणून ती पूर्ण उलगडून वापरावी आणि २.५ चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी. खेड्यात दाब १९० व्होल्टवर उतरला, तर २००० वॉटचा गिझर १३५० वॉटच्या आसपासच काम देतो.

यावर तोड एकच. गिझर आणि शेगडी बाहेरच्या प्लगवर थेट न चालता इन्व्हर्टरमार्फत बॅटरीवर चालली पाहिजेत, आणि चार्जरचा प्रवाह पाच अँपिअरपर्यंत खाली आणता आला पाहिजे. तसा चार्जर रोडावलेल्या सॉकेटमधूनही रात्रभरात पाच युनिट निवांत भरतो. स्वस्तात बांधून मिळणाऱ्या ट्रेलरमध्ये नेमकी हीच मांडणी वगळलेली आढळते, कारण तिला मोठा इन्व्हर्टर लागतो. ट्रेलरचे अंग धातूचे असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अंगणातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे टेस्टरने पाहिल्याशिवाय प्लग खोचू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

छपरावर ४०० वॉटची दोन पॅनेल मावतात आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीन युनिट देतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तिथे पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. मोटारीच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जोडला, तर चोर्ल्यामार्गे गोव्यापर्यंतच्या तीन तासांत जेमतेम एक युनिट मिळते. भरीला ठीक आहे.

वजनाबाबत मोटारीच्या पुस्तिकेतला ओढण्याचा आकडा शेवटचा मानावा. तो छापलेला नसेल तर ती मोटार या कामाची नाही. बॅटरी आणि पाण्याची टाकी आसावर यावी, आणि पुढच्या कडीवर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार राहावा. मागे वजन झाले, की तवंदीचा घाट उतरताना ट्रेलर शेपटी हलवू लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत चासी उत्तम बांधून मिळते, मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी बिनब्रेकची चासी घाटात नेऊ नये.

पैसे चुकते करण्याआधी बांधणाऱ्याच्या आवारात प्लग काढून एक रात्र ट्रेलर वापरून पाहावा: रात्रीचा स्वयंपाक, सकाळच्या दोन आंघोळी, आणि मग मीटरवर उरलेले युनिट. भरल्या टाकीसह वजनकाट्यावरही न्यावा. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो आणि त्याला स्वतःची नोंदणी लागते. टिळकवाडीकरांना ती केए-२२ मध्ये, निपाणीकरांना केए-२३ मध्ये करावी लागते. नोंदणीनंतर मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, तेव्हा जादा बॅटरी आणि एसी घ्यायचे असतील तर ते नोंदणीआधीच बसवून घ्यावेत.