पुनर्नवा, रसायन, कायाकल्प : नूतनत्ववाचक शब्दांचा अर्थ आणि मर्यादा



मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्या जिल्ह्यातील शेतांच्या धुऱ्यांवर घेटुळी पसरू लागते. वैशाखात जेथे कोरडी माती असते तेथेच, जमिनीत जिवंत राहिलेल्या मुळातून, ती पुन्हा फुटते. खेड्यांतून तिची भाजी केली जाते. शास्त्राने तिला ‘पुनर्नवा’ म्हटले. या सुंदर नावामुळे घडलेल्या एका प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

खारपाणपट्ट्यातील पन्नाशीचे एक शेतकरी पायांवरील सूज घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यांना मूत्रपिंडाचा जीर्ण विकार असल्याचे निदान पूर्वीच झालेले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी सर्व औषधे बंद करून एका दुकानातून पुनर्नवा चूर्ण सुरू केले होते. कारण विचारता ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नावच पुनर्नवा आहे. दुकानदारही म्हणाले, किडनी नवी होते.” सूज आरंभी उतरली होती, म्हणून त्यांचा विश्वास दृढ झाला. दरम्यान क्रिएटिनिन मात्र वाढत गेले होते. येथे द्रव्य खोटे नव्हते. शब्दाचा अर्थ त्याच्या मर्यादेबाहेर ताणला गेला होता.

पूर्णेच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील खाऱ्या पाण्याचा प्रश्न आणि तेथील मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयीची चिंता आपणांस परिचित आहे. अशा प्रदेशात व्यवसाय करणाऱ्यांनी तरी नूतनत्ववाचक शब्द नीट समजून वापरले पाहिजेत.

१) पुनर्नवा

या वनस्पतीची तीन नावे एकत्र पाहावीत. ‘वर्षाभू’ म्हणजे पावसात उगवणारी. ‘पुनर्नवा’ म्हणजे पुन्हा नवी होणारी. ‘शोथघ्नी’ म्हणजे सूज नाहीशी करणारी. पहिल्या दोन नावांत प्रथमतः वनस्पतीचा स्वभाव सांगितला आहे. रोगावरील कर्म सांगणारे नाव तिसरे आहे.

पुनर्नवा शरीरासही नवे करते, असा अर्थ ग्रंथांत नाही काय? आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील रसायनाध्यायात ताज्या पुनर्नवेचा अर्धा पल कल्क दुधाबरोबर पंधरा दिवस, दोन महिने, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्यास जीर्ण मनुष्यही पुन्हा नवा होतो, असे सांगितले आहे. परंतु हे विधान रसायनप्रकरणातील असून ते वयाने जीर्ण झालेल्या मनुष्याविषयी आहे. एखाद्या नष्ट झालेल्या अवयवाविषयी ते नाही. याच अध्यायाने रसायनापूर्वी शोधन आवश्यक मानले असून, शोधनाविना रसायन म्हणजे मळक्या वस्त्रास रंग देण्यासारखे आहे, असे बजावले आहे.

चरकाचार्यांची वर्गवारी येथे उद्बोधक ठरते. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायातील ५० महाकषायांत पुनर्नवा स्वेदोपग, अनुवासनोपग, कासहर आणि वयःस्थापन या गणांत येते. शोथहर गणात मात्र ती नाही. तेथे दशमुळे आहेत. यावरून ती शोथहर नाही असे ठरत नाही, कारण शोथ व पांडू यांच्या चिकित्सेत तिचे योग विपुल आहेत. द्रव्याचे नाव, त्याचा गण आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग या तीन निराळ्या गोष्टी आहेत, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आधुनिक शारीरविज्ञानानुसार जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. तात्कालिक आघातानंतर मूत्रपिंडाचे कार्य बरेचसे पूर्ववत होऊ शकते. जीर्ण विकारात नष्ट झालेला भाग परत येत नाही. शिवाय पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार असतात. ज्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढलेले आहे, त्यास ती तपासणीविना देणे धोक्याचे आहे.

२) रसायन

या शब्दाची अडचण उलट आहे. शास्त्रात रसायन म्हणजे उत्तम रसादी धातूंच्या प्राप्तीचा उपाय. आजच्या मराठीत मात्र रसायन म्हणजे केमिकल. कपाशी आणि सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ‘तुम्हाला रसायन देतो’ असे म्हटले, तर तो दचकतो. ‘रसायन नको, जडीबुटी द्या’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. म्हणून रुग्णाशी बोलताना ‘धातू सुधारण्यासाठी दीर्घकाळ घ्यावयाचे औषध’ असे सांगून मगच शब्द वापरावा.

३) वयःस्थापन, बल्य, बृंहण

वयःस्थापन म्हणजे वय स्थिर राखणे. गेलेले वय परत आणणे नव्हे. शब्दातील ‘स्थापन’ हे पद स्पष्ट आहे, तरी जाहिरातीत त्याचे ‘पुन्हा तारुण्य’ होते. बल्य म्हणजे बल देणारे, बृंहण म्हणजे शरीर पुष्ट करणारे. क्षीण रुग्णास बृंहण हितकर, तर स्थूल व मेदस्वी रुग्णास तेच अपायकारक. ‘टॉनिक’ या एका शब्दाने हा सर्व भेद पुसला जातो. परवान्यासंबंधीच्या २०१० च्या नियम १५८-ब मध्येही ‘बल्य व पोषक’ हा वर्ग स्वतंत्र मानला आहे, याची औषधी-निर्मात्यांनी नोंद घ्यावी.

४) प्रतिसंस्कार

‘पुनर्नव’ हा शब्द चरकसंहितेने स्वतः ग्रंथासाठीही वापरला आहे. सिद्धिस्थानाच्या अखेरीस संस्कर्त्याचे कार्य सांगितले आहे : जे त्रोटक आहे ते विस्तारावे, जे पाल्हाळिक आहे ते संक्षिप्त करावे आणि अशा रीतीने जुने तंत्र पुनर्नव करावे. दृढबलाने चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि संपूर्ण कल्प व सिद्धिस्थाने पूर्ण केली. त्याने अग्निवेशाचा ग्रंथ टाकून दुसरा लिहिला नाही. मूळ राखून तो पुन्हा उपयोगी केला. आपल्या शास्त्रात नूतनत्वाचा हाच आशय आहे. शोधनानंतरचा संसर्जन क्रमही तसाच : पेया, विलेपी, यूष, मांसरस अशा पायऱ्यांनी मंद झालेला अग्नी पूर्ववत केला जातो आणि रुग्ण प्रकृतिभोजनावर येतो.

५) कायाकल्प

१९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी कायाकल्प करून घेतला आणि त्याची देशभर चर्चा झाली. शास्त्रातील कुटीप्रावेशिक रसायन हा त्या कल्पनेचा आधार. त्यास विशिष्ट कुटी, दीर्घ काळ, संयम आणि अवकाश लागतो. नित्य व्यवसायातील बहुतेक रुग्णांस वातातपिक रसायनच शक्य असते. २०१५ पासून केंद्र शासनाने सार्वजनिक रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी याच नावाची पुरस्कार योजना सुरू केली. शब्द इतका व्यापक झाल्यावर बाटलीवर ‘कायाकल्प’ छापणाऱ्याने त्याचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे सांगणे कर्तव्य ठरते.

औषधी-विक्रेत्यांसाठी

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मूत्रपिंडाचा विकार ‘ब्राइट्स डिसीज’ या जुन्या नावाने आहे आणि ‘ड्रॉप्सी’ म्हणजे सर्वांगशोथही आहे. या व्याधी बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. दुकानातील फलक व पत्रक हीदेखील जाहिरातच होय.

पुनर्नवा खरेदी करताना द्रव्य ओळखून घ्यावे. धुऱ्यावर तिच्याशेजारीच वाढणारी वसू अनेकदा तिच्यात मिसळली जाते.

व्यवहारात पुढील चार गोष्टी पाळाव्यात :

१. ‘नवे होईल’ ऐवजी ‘सूज उतरेल’, ‘उरलेले कार्य जपू’ असे नेमके सांगावे.
२. सूज उतरली म्हणजे व्याधी गेली नाही, हे रुग्णास व घरच्यांस समजवावे.
३. सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत, असे चिठ्ठीवर लिहून द्यावे.
४. मूत्रपिंडाच्या रुग्णास क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासल्याविना पुनर्नवा देऊ नये.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ आज डायलिसिसवर आहेत. ते कोणाही दुकानदारास दोष देत नाहीत; ‘नावाला भुललो’ एवढेच म्हणतात. ते नाव आपल्या शास्त्राने दिले आहे. म्हणून त्याचा खरा अर्थ रुग्णापर्यंत पोहोचविण्याचे दायित्वही आपलेच आहे.