थंड व दमट प्रदेशातील भांगेचा संकरित वाण : ‘फिनोला’चा अभ्यास

भावप्रकाश निघंटूच्या हरीतक्यादि वर्गात भंगेचे वर्णन आहे. तिक्त रस, लघु व तीक्ष्ण गुण, उष्ण वीर्य, कफघ्न, ग्राही, दीपन-पाचन, पित्तकर आणि मोह-मद उत्पन्न करणारी अशी ही वनस्पती वैद्यवर्गाच्या परिचयाची आहे. जातिफलादि चूर्ण ज्यांच्या नित्य वापरात आहे त्यांना अधिक सांगणे नको. परंतु अलीकडे व्यापाऱ्यांकडून औषधशाळांना जे हेम्पचे बीजतेल देऊ केले जाते, त्याच्या डब्यावर सरळ ‘विजया तेल’ असे छापलेले आम्ही पाहिले आहे. ही गल्लत कशी होते हे समजण्यासाठी त्या बीजामागील शेती समजून घेणे आवश्यक वाटते. त्याकरिता आम्ही मुद्दाम दूरचे, पण बोधप्रद उदाहरण निवडले आहे. ते फिनलंडमधील ‘फिनोला’ या वाणाचे.

भांग ही मुळात अल्पदिन वनस्पती. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की तिला फुलोरा येतो. फिनलंडमधील कुओपिओ हे गाव सुमारे ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथे जूनमध्ये दिवस जवळजवळ वीस तासांचा असतो. दक्षिणेकडील वाण तेथे पेरला तर तो उन्हाळाभर केवळ उंच वाढत राहतो. फुलोरा ऑगस्टअखेरीस येतो, आणि बी भरण्याच्या वेळी थंडी, पाऊस व धुके येऊन ठेपतात. पीक हिरवेगार दिसते, परंतु पदरात बी पडत नाही.

यावर १९९५ च्या सुमारास तेथे उपाय शोधण्यात आला. रशियातील वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहातील उत्तरेकडील दोन लवकर फुलणाऱ्या नमुन्यांच्या संकरातून जे पीक उभे राहिले त्याला प्रथम फिन-३१४ व पुढे ‘फिनोला’ हे नाव मिळाले. येथे एक खुलासा करावासा वाटतो. ‘संकरित’ म्हणताच आपल्याकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागणारी संकरित ज्वारी किंवा कापूस येतो. फिनोला तशी नाही. संकरानंतर निवड करून स्थिर केलेला हा मुक्त परागीभवनाचा वाण आहे. मात्र भांगेत नर व मादी झाडे स्वतंत्र असतात आणि परागकण वाऱ्यावर फार दूर जातात. त्यामुळे शेजारी दुसरी भांग असेल तर वाणाची शुद्धता एका हंगामातच बिघडते व मादक घटकाचे प्रमाणही बदलू शकते. म्हणून प्रमाणित बियाण्याचा आग्रह धरला जातो.

या वाणाचे वैशिष्ट्य असे की त्याचा फुलोरा दिनमानाची फारशी वाट पाहत नाही. पेरणीनंतर महिनाभरात फुले दिसू लागतात आणि साधारण चार महिन्यांच्या आत पीक काढणीस येते. झाड चार-पाच फुटांपुरतेच वाढते. त्यामुळे धान्य काढण्याच्या यंत्रानेच कापणी होते. जमीन आठ-दहा अंश तापली की पेरणी करतात. रोपे हलके हिमतुषार सोसतात, परंतु साचलेले पाणी अजिबात सोसत नाहीत. निचरा नसलेल्या शेतात कोवळी रोपे पिवळी पडून खुंटतात. थंडीपेक्षा ओल हा या पिकाचा मोठा शत्रू होय, असे आमचे मत झाले आहे. दाट तुऱ्यांत दव अडकून राहिले की करडी बुरशी शिरते आणि आतून सुरू झालेली कूज बाहेरून उशिरा दिसते. म्हणूनच सर्व बी पिकण्याची वाट न पाहता बहुतांश बी तपकिरी होताच कापणी करतात व मळलेले ओलसर बी त्याच दिवशी वारा देऊन वाळवण्यास घेतात. रात्रभर ढीग तसाच राहिला तर तो आतून तापतो व तेल खवट होते.

शार्ङ्गधराने विंध्यादी पर्वत आग्नेय व हिमगिरी सौम्य म्हटला आहे. देशभेदाने द्रव्यभेद होतो हे आपल्याला नवे नाही. परंतु येथे देशाच्या जोडीला माणसाची निवडही आहे. फिनोला बियांसाठी घडविली आहे आणि तिच्यात टीएचसी हा मादक घटक अत्यल्प असतो. शिवाय बियांत तो घटक जवळजवळ नसतोच; तो मुख्यतः फुलोऱ्यावरील व पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत असतो. बीजतेलात लिनोलिक व अल्फा-लिनोलेनिक आम्लांखेरीज गॅमा-लिनोलेनिक आम्ल सुमारे चार टक्के आढळते. हे तेल स्निग्ध आहार म्हणून उत्तम असेल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका चाचणीत त्वचेच्या रुक्षतेत व कंडूत उपशयही नोंदविला गेला. मात्र रुग्णसंख्या वीसच होती, आणि चाचणी करणाऱ्यांत या वाणाचे जनकही होते, हे ध्यानात ठेवून तिचे मोल करावे. काही झाले तरी भंगेच्या पत्रांऐवजी हे तेल ग्राही वा मदकारी कर्मासाठी योजता येणार नाही.

कायद्याची बाजूही तितकीच निराळी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात फुलोरा व राळ यांचा समावेश आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. परंतु पाने राज्याच्या अबकारी नियमांतून सुटत नाहीत. शिवाय औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टात भंगा असल्याने तिच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. उत्तराखंडने २०१८ साली अल्पमादक हेम्पच्या लागवडीस परवाना देण्यास आरंभ केला, पण त्यामुळे कोणालाही परसात विनापरवाना झाड लावता येत नाही.

ओलीचा धडा मात्र आपल्या औषधशाळांनाही लागू आहे. एका पावसाळ्यात आमच्याकडे भंगेच्या पानांचे एक पोते आले. वरची पाने कोरडी व हिरवी होती. मध्यभागी हात घातला तेव्हा उष्णता जाणवली आणि कुबट वास आला. विक्रेत्याचे म्हणणे असे की, पाण्याने धुऊन तुपात भर्जन केल्यावर दोष राहत नाही. शोधनाने द्रव्याचा मद व तीक्ष्णता सौम्य होईल, परंतु बुरशीने निर्माण केलेले विष भर्जनाने नाहीसे होते असे मानणे धोक्याचे आहे. अफ्लाटॉक्सिन तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. आम्ही ते पोते परत केले. तेव्हापासून पोत्याच्या वरून, मधून व तळातून असे तीन नमुने घेतल्याशिवाय आणि ओलाव्याची तपासणी झाल्याशिवाय माल कोठीत जाऊ देत नाही. पावसाळ्यात पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवतो आणि दर पंधरवड्याला उघडून पाहतो.