एकाच बियाण्याचे दोन कांदे

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. पण एक कांदा विळीवर धरताच रडवतो, तर दुसरा भाकरीबरोबर सहज खाता येतो. असे का बरे होते?

अखंड कांद्याला फारसा वास नसतो. त्याच्या पेशींत गंधकयुक्त संयुगे असतात, आणि त्यांच्यापासून अलग, रिक्तिकेत, ॲलिनेज नावाचे विकर असते. पेशी चिरली गेली की दोन्ही एकत्र येतात व तिखट द्रव्ये तयार होतात. डोळ्यांना झोंबणारे द्रव्य बनण्यासाठी आणखी एक विकर लागते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले.

या साऱ्याच्या मुळाशी आहे गंधक, आणि तो येतो जमिनीतून. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात व्हिडेलिया गावाच्या परिसरात १९३१ साली एका शेतकऱ्याचे कांदे तिखट न निघता गोड निघाले! तेथील रेताड जमिनीत गंधक फार कमी. आज तेथे ग्रॅनेक्स प्रकारचे सौम्य वाण लावतात. तेच बी गंधकाने समृद्ध जमिनीत पेरले, तर कांदा अधिक तिखट होतो. मात्र मुळात तिखट असलेला वाण रेतीत लावला, म्हणून तो व्हिडेलियासारखा गोड होत नाही. वाण मर्यादा आखतो. त्या मर्यादेत कमीजास्त करते ती जमीन.

दिवसाच्या लांबीचेही असेच आहे. आपल्याकडील वाण ११-१२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात. थंड देशांतील अनेक वाणांना १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही १४ तासांचा नसतो. असले बी कोणी इथे लावले, तर हाती येईल नुसती पात! वर्षाची मेहनत व पैसा वाया जाईल.

मग उत्तम कांदा कोणता? कोशिंबिरीला सौम्य कांदा हवा. पण त्यात पाणी जास्त, म्हणून तो लवकर सडतो. उन्हाळ्यात काढून पुढे कित्येक महिने चाळीत ठेवायचा, तर एन-२-४-१ सारखा टिकाऊ रब्बी वाणच हवा. प्रतवारी करताना 'कशासाठी?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

करून पहा : सारख्या मातीच्या दोन कुंड्यांत एकाच वाणाची रोपे लावा. एका कुंडीत चमचाभर जिप्सम मिसळा. त्यातून गंधक मिळतो. पाणी व ऊन दोन्हींना सारखेच द्या. कांदे तयार झाल्यावर कोणती फोड कोणत्या कुंडीतली, हे न सांगता मित्रांना चव घ्यायला द्या. फरक जाणवला नाही, तर तुमच्या मातीत गंधक आधीच पुरेसा असेल का, याचा विचार करा.