वाचकांचे प्रश्न : गाळा, भाडं आणि कागद

अहिल्यानगर शहरातल्या दुकानगाळ्यांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कुणाला सावेडीत गाळा घ्यायचा आहे, कुणाला कापड बाजारातला सोडायचा नाही, तर कुणाला स्वतःचाच परत मिळत नाही. चौरस फुटाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या भावात नेमका कोणता हक्क मिळतो, हे मात्र फार थोड्यांनी विचारलंय. एका रांगेतले तीन गाळे, एक खरेदीखताचा, दुसरा जुन्या भाड्याचा आणि तिसरा महापालिकेचा, दिसायला सारखे असतात. कायदा मात्र तिघांना वेगवेगळा लागतो, आणि किंमतही त्यावरच ठरायला हवी.

प्रश्न 1 : निवृत्तीचे पैसे सध्या मुदत ठेवीत आहेत. पाइपलाइन रोडला बांधकाम चालू असलेल्या व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावरचा गाळा 40 लाखांना मिळतोय. भाडेकरू आणून देण्याची हमी बिल्डर देतो. घ्यावा का? (निवृत्त शिक्षक, सावेडी)

उत्तर : आधी हिशेब मांडू. बांधकाम सुरू असलेल्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यावर 12 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 4 लाख 80 हजार. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरा, 2 लाख 40 हजार. नोंदणी फी कमाल 30 हजार. गाळा तुम्हाला 47 लाख 50 हजारांना पडला.

समजा, भाडं महिना 15 हजार मिळालं. भाडेकरू बदलताना गाळा रिकामा राहतोच, म्हणून वर्षाचे अकरा महिने धरा : 1 लाख 65 हजार. घरपट्टी, देखभाल, किरकोळ दुरुस्ती यांचे 25 हजार वजा केले की उरले 1 लाख 40 हजार. गुंतवणुकीवर हे तीन टक्केही होत नाहीत, आणि प्राप्तिकर अजून बाकीच आहे. निव्वळ पाच टक्के हवे असतील तर भाडं महिना 24 हजारांच्या आसपास पाहिजे. त्या रस्त्यावर पहिल्या मजल्याला कोण किती भाडं देतंय, हे बिल्डरला न विचारता तिथल्या चार दुकानदारांना विचारा.

मजल्याचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. जुना व्यापार वेशीच्या आत, कापड बाजार, मोची गल्ली, सराफ बाजार, दाळ मंडई, आडते बाजार इथे वाढला. पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदा, पारनेरकडून एसटीने माळीवाड्याला उतरून बस्ता बांधायला येणारं गिऱ्हाईक पायी फिरतं, त्याला गल्लीबोळ चालतो. वस्ती सावेडी, केडगाव, बोल्हेगावकडे सरकली तसं गाडीवरून येणारं गिऱ्हाईक प्रोफेसर कॉलनी चौक, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोडला थांबू लागलं. ते गाडी लावता येईल तिथेच थांबतं, आणि जिना चढायला त्याला कारण लागतं : दवाखाना, क्लास, पार्लर, सीएचं ऑफिस. पहिल्या मजल्यावरचा गाळा दुकानाचा भाव सांगून विकला जातो आणि ऑफिसच्या भाड्याने जातो. तुमच्या व्यवहारातली खरी मेख ही आहे.

‘भाव वाढतच आहेत’ हेही तपासून घ्या. 1 एप्रिल 2025 ला राज्यातले रेडी रेकनर दर सरासरी 3.89 टक्क्यांनी वाढले. त्याने मुद्रांक शुल्क वाढतं, भाडं वाढत नाही. घर विकायला काढलं तर राहायला येणारा भेटतो. गाळ्याचा पुढचा खरेदीदार मात्र भाड्याचाच हिशेब करणार.

तरीही घ्यायचा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि गाळे-सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच लिहून घ्या. मंजूर नकाशात तो गाळा दुकान म्हणूनच दाखवलेला आहे ना, वाहनतळाच्या जागेत नाही ना, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला गाळा घेतलात तर जीएसटी लागत नाही, तेवढ्यानेच जवळजवळ पाच लाख वाचतात. पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळेल असं कुणी सांगितलं, तर ती निवासी घरासाठी आहे, गाळ्यासाठी नाही. आणि भाड्याची हमी तोंडी असेल तर ती हमीच नव्हे. माझं मत : या भावात, या मजल्यावर नको.

प्रश्न 2 : कापड बाजारातलं आमचं दुकान वडिलांच्या नावे 1974 पासून भाड्याने आहे. वडील वारले. मी त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसत होतो. आता मालक भाडं घेत नाहीत. इमारत विकली आहे, नवीन मालक खाली करायला लावतील, असं म्हणतात. (एक दुकानदार)

उत्तर : इमारत विकली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 (अमलात 31 मार्च 2000 पासून) म्हणतो की, व्यवसायाच्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तिथे व्यवसाय करणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तुम्ही तो आहात. मात्र ते सिद्ध करावं लागेल. दुकानाचा परवाना, जीएसटी नोंदणी, बँक खातं, वीजबिलं, जुन्या भाडेपावत्या एका फाइलमध्ये लावा.

भाडं नाकारलं तर मनीऑर्डरने पाठवा, परत आलेली पावती जपून ठेवा. नवीन मालकाचं नाव-पत्ता लेखी कळवायला सांगा. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याजासह आणि खर्चासह भरली तर थकबाकीच्या कारणावरून जागा जात नाही. उलट मालकालाही दरवर्षी चार टक्के भाडेवाढ घेण्याचा हक्क आहे. तो नाकारू नका.

जागा जाते ती बहुधा भाडेकरूच्याच चुकीने. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने दुकान बंद ठेवलं, पोटभाडेकरू ठेवला, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर कायदा मालकाच्या बाजूने उभा राहतो. मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असेल तर तो दावा करू शकतो. पण जागा गेल्याने कुणाचं जास्त नुकसान होणार, हे न्यायालय तोलतं. इमारत पाडून नवी बांधायची असेल तर नव्या इमारतीतल्या तुमच्या जागेची हमी न्यायालयापुढे मागता येते.

नवा मालक रक्कम देऊन जागा मागेल, अशी शक्यता मोठी आहे. 1999 च्या कायद्याने भाडेहक्क सोडण्यासाठी अशी रक्कम घेणं कायदेशीर ठरवलं आहे. व्यवहार नोंदणीकृत दस्ताने करा आणि पैसे बँकेतून घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही. मिळालेली रक्कम भांडवली नफा म्हणून करपात्र आहे, म्हणून आकडा ठरवताना कर वजा करून पाहा. घाईघाईने कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका.

प्रश्न 3 : दिल्ली गेटजवळचा माझा गाळा 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून 11 महिन्यांसाठी दिला होता. मुदत संपून दोन वर्षं झाली. भाडं देतो, पण गाळा सोडत नाही. मी कुलूप लावू का? (एक मालक)

उत्तर : अजिबात नाही. बळाने बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. शिवाय पोलीस तक्रार होईल ती वेगळी.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज नगरमध्ये सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर ताबा मिळवण्याची कलम 24 ची सोय फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकानासाठी दिवाणी दावाच करावा लागतो. तिथे समोरचा ‘मी परवानाधारक नाही, भाडेकरू आहे’ असं म्हणणार, आणि तुम्ही दोन वर्षं घेतलेलं भाडं त्याच्या उपयोगी पडणार. म्हणून वकिलामार्फत ताबडतोब नोटीस द्या, यापुढची रक्कम ‘हक्कास बाध न येता, वापराची नुकसानभरपाई’ म्हणूनच स्वीकारत असल्याचं लेखी कळवा, आणि दोन-चार महिन्यांची मुदत देऊन तडजोड होत असेल तर ती करा. दाव्यात जाणाऱ्या वर्षांपेक्षा ती स्वस्त पडते.

पुढच्या वेळी खर्चाकडे बघून नोंदणी टाळू नका. महिना 15 हजार भाडं, एक लाख अनामत, तीन वर्षं. एकूण भाडं 5 लाख 40 हजार, अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी 30 हजार; त्याच्या पाव टक्का म्हणजे 1,425 रुपये मुद्रांक आणि महापालिका हद्दीत 1 हजार नोंदणी फी. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना हा भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. मोक्याच्या जागेचे मालक बँकेला किंवा साखळी दुकानाला गाळा आनंदाने देतात आणि स्थानिक दुकानदाराकडून मोठी अनामत मागतात, त्याचं एक कारण हेच.

प्रश्न 4 : माझा गाळामालक जीएसटीत नोंदलेला नाही, तरी भाड्यावर 18 टक्के मी भरायचे, असं कर सल्लागार म्हणतात. खरं का? (इलेक्ट्रिकल वस्तूंचे विक्रेते, केडगाव)

उत्तर : खरं आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा भाड्याने घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भाड्यावरचा जीएसटी स्वतः भरायचा आहे. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल तर त्याची वजावट मिळते. पैसा अडकतो, जात नाही. कंपोझिशन योजनेतल्यांना ही वजावट मिळत नसल्याने 16 जानेवारी 2025 पासून त्यांना यातून वगळलं आहे. मधल्या तीन महिन्यांचा हिशेब मात्र तपासून घ्या. भाडं महिना 50 हजारांहून जास्त असेल तर टीडीएसचा प्रश्नही येतो.

प्रश्न 5 : महापालिकेच्या संकुलातला गाळा त्याचा सध्याचा धारक आठ लाखांत नोटरी करून ‘नावावर’ करून देतो म्हणतो. भाडं अगदी कमी आहे. (एक तरुण, माळीवाडा)

उत्तर : जो विकतोय तो मालक नाही, हे आधी लक्षात घ्या. नोटरीच्या कागदाने महापालिकेच्या दप्तरी नाव बदलत नाही. हस्तांतरणाला महापालिकेची मंजुरी लागते. महापालिकेच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नसल्याने प्रश्न 2 मधल्या दुकानदाराला असलेलं संरक्षणही तुम्हाला नाही. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला किंवा दोन महिन्यांहून जास्त भाडं थकलं, तर महापालिका अधिनियमाच्या कलम 81 ब खाली आयुक्त गाळा खाली करून घेऊ शकतात. मग जिल्हा न्यायाधीशांकडे अपील एवढाच मार्ग उरतो, आणि तुमचं नावच दप्तरी नसेल तर तोही अवघड.

कमी भाडं कायम राहील, हेही गृहीत धरू नका. जळगावात महापालिकेच्या अनेक संकुलांतल्या गाळ्यांचे करार 2012 मध्ये संपले; त्यानंतर थकबाकी, फेरमूल्यांकन आणि न्यायालयीन लढाया वर्षानुवर्षं चालल्या. 2019 च्या नियमांनी नूतनीकरणाचं वार्षिक भाडं बाजारमूल्याच्या किमान आठ टक्के केलं होतं. राज्यभरच्या विरोधानंतर 2023 मध्ये सरकारने ते बरंच खाली आणलं. म्हणजे भाडं ठरतं धोरणाने, आणि धोरण बदलतं. धारकाला सांगा, आधी महापालिकेची लेखी मंजुरी आणि थकबाकी नसल्याचा दाखला आण. तो आणला नाही, तर आठ लाख तुमच्याच खात्यात राहू द्या.

सर्व वाचकांसाठी : विसार देण्याआधी तीन कागद हातात घ्या. सिटी सर्व्हेचा उतारा आणि किमान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशासह भोगवटा प्रमाणपत्र, आणि घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. जुन्या पेठेतली जागा एखाद्या देवस्थानाची किंवा सार्वजनिक न्यासाची निघाली, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री टिकत नाही. जुन्या दस्तांवर अहमदनगर आणि नव्यांवर अहिल्यानगर असलं तरी मालकीला बाध येत नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. वरची उत्तरं सर्वसाधारण आहेत. सही करण्यापूर्वी आपली कागदपत्रं आपल्या वकिलाला दाखवा.